कोरडे काय राखावे?

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की सामान बांधणे आले, आणि त्या बाबतीत सरकार बरेच उदार आहे. वेतनश्रेणीच्या चौथ्या पायरीपर्यंतच्या कर्मचाऱ्यास घरसामानासाठी १,५०० किलोची मुभा असते; वरच्या अधिकाऱ्यांस ६,००० किलोची. एवढ्या मर्यादेत काय न्यावे आणि काय टाकावे हा प्रश्न सहसा पडत नाही, जे आहे ते सारेच नेले जाते. प्रश्न पडतो तो बारा-पंधरा किलोंचे ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढावयाचा असतो तेव्हा. दिल्ली, डेहराडून वा चंडीगड येथे नेमणूक झालेल्या मराठी माणसास हिमालय रजेच्या आवाक्यात येतो. सह्याद्रीत पावसाळे काढलेले आपले बांधव मोठ्या उमेदीने तिकडे निघतात, आणि निघण्यापूर्वी दुकानात पिशव्यांपाशी अडतात.

या पिशव्या मुख्यतः दोन जातींच्या. एक स्टफ सॅक, म्हणजे नाडीची पिशवी. तीत स्लीपिंग बॅग किंवा कपडे कोंबून भरावयाचे. सिलिकोन मुरवलेल्या पातळ नायलॉनची असली तर तिचे कापड पाणी अडवते, पण शिवणीच्या छिद्रांतून आणि नाडीच्या तोंडातून पाणी खुशाल आत शिरते. ती व्यवस्थेसाठी आहे, पावसासाठी नव्हे. दुसरी ड्राय बॅग. तिच्या शिवणी आतून पट्टीने बंद केलेल्या असतात, आणि तोंडाची घडी निदान तीन वेळा गुंडाळून बकल लावावयाचे असते. ज्यास ही तीन वेढ्यांची जागा सोडवत नाही, गळ्यापर्यंत भरल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने ती विकत घेऊ नये. चिठ्ठीवर मिलिमीटरचा एक आकडा छापलेला असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता ते पाझरू लागते, एवढाच त्याचा अर्थ. आठ-दहा लिटरची हलकी पिशवी पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर भरते. जाड पीव्हीसीची तिच्या कितीतरी पट. जाड पिशवी नावेत शोभते, पाठीवर नव्हे.

दुकानदार पाच पिशव्यांचा संच पुढे करतो आणि पुष्कळ लोक तो घेतात. प्रत्येक वस्तूस स्वतंत्र कोरडे घर मिळाले की मनास एक प्रकारचे स्वास्थ्य लाभते. आमच्या मते हे स्वास्थ्य खोटे आहे. टणक फुगलेल्या पाच पिशव्या सॅकमध्ये एकमेकींशेजारी बसत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात, आणि रात्री अंधारात मोजे शोधताना पाचही उघडाव्या लागतात. त्याहून मोठी गोष्ट ही की, कोणती पिशवी घ्यावी हा पहिला प्रश्नच नव्हे. काय भिजले तर चालेल, हा पहिला प्रश्न. प्रामाणिकपणे उत्तर दिले तर न भिजू द्यावयाच्या वस्तू फार थोड्या निघतात: स्लीपिंग बॅग, रात्री अंगात घालावयाचा एक लोकरी जोड, औषधे, काड्यापेटी, ओळखपत्र व परवान्याचे कागद. चालतानाचे कपडे पावसाने नाही तर घामाने भिजणारच. त्यांस जपणे म्हणजे मन मारून सकाळी तेच ओले कपडे पुन्हा चढवण्याचा क्षण टाळणे होय, आणि तो टाळता येत नाही.

पिशवीचा आणखी एक स्वभाव ध्यानात घ्यावा. बाहेरचे पाणी जी आत येऊ देत नाही, ती आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. एक दमट मोजा आत गेला तर सकाळपर्यंत त्याची ओल शेजाऱ्यांत वाटली जाते. कचेरीत भिजत घोंगडे वर्षानुवर्षे चालते. डोंगरावर एक रात्रही चालत नाही.

सह्याद्रीत भिजणे हा सोहळा असतो. राजमाचीहून ओलाचिंब होऊन परतलेल्या माणसास फार तर पडसे होते. साडेतीन हजार मीटर उंचीवर, पारा शून्याजवळ उतरला असता, भिजलेले शरीर ऊब झपाट्याने गमावते. प्रथम हुडहुडी भरते, मग बोलणे जड होते, मग विवेक सुटतो. आणि धोका ज्यास असतो त्यासच तो सर्वांच्या शेवटी कळतो. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की तिचा फुगारा जातो आणि फुगाऱ्याबरोबर ऊबही. म्हणूनच पिशवीचा प्रश्न केवळ सोयीचा उरत नाही.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेरीस आम्ही हर-की-दूनच्या वाटेवर होतो. सांक्रीहून तालुका, तेथून ओसला. कचेरीतील चौघे आणि सामान वाहणारे दोघे स्थानिक तरुण. ओसल्यापुढे दिवसभर पाऊस लागला. एका सहकाऱ्याने स्लीपिंग बॅग नाडीच्या पिशवीत ठेवून सॅकला वरून रेनकव्हर चढवले होते. पाठीवरून ओघळलेले पाणी कव्हरच्या मागून शिरले आणि तळाशी साचले. तंबूत त्यांनी ती पिळली तेव्हा ते थरथरत होते. दुसऱ्या एका गृहस्थांजवळ ड्राय बॅगेत कोरड्या लोकरी कपड्यांचे दोन जोड होते. ते म्हणाले, "अहो, मी महिनाभर आधी यादी केली, ती ह्यांनी हसण्यावारी नेली. आता माझ्या दूरदृष्टीचे व्याज ह्यांनी का खावे?" शेवटी त्यांनी एक जोड दिला, पण युक्तिवाद मात्र मागे घेतला नाही.

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. पैशाच्या व्यवहारात आम्ही तो मान्यच करतो. ज्याने शिल्लक टाकली नाही त्याचा दुसऱ्याच्या शिलकीवर हक्क पोहोचत नाही. तसे नसते तर शिल्लक टाकणेच मूर्खपणाचे ठरले असते. परंतु शिलकीच्या न्यायास बाजार लागतो, उद्याचा दिवस लागतो. ज्याने आज जपले नाही तो उद्या कमवील, उसने घेईल, फेडील. त्या तंबूत बाजारही नव्हता आणि उद्याची खात्रीही नव्हती. तेथे दुसऱ्या जोडावर पहिला हक्क जो अधिक गारठला आहे त्याचा, असे आमचे मत आहे. दुसऱ्या जोडावर म्हणतो, अंगातल्या नव्हे. स्वतः गारठून दुसऱ्यास ऊब देणाराने मंडळीवर एक आजारी माणूस बदलून दुसरा लादला, इतकेच होते. आणि घेणाऱ्याने घेतले ते ऋण आहे, हेही त्याने विसरू नये. व्यवहारतः यावर उपाय सोपा आहे. मंडळीत एक सामायिक कोरडा जोड, ठळक रंगाच्या एका ड्राय बॅगेत. बारभाईंचा कारभार होऊ नये म्हणून ती कोणी वाहावयाची हे नावानिशी ठरलेले असावे.

पण त्या दूरदृष्टीच्या गृहस्थांच्या बोलण्यातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ती ड्राय बॅग त्यांच्या पाठीवर नव्हती. ती त्या दोघा तरुणांपैकी एकाच्या ओझ्यात होती. यादी त्यांची, वजन दुसऱ्याचे. आमच्या पाहण्यात आलेल्या याद्यांत निघणाऱ्यांची माणशी मोजदाद असते, वाहणाऱ्यांची नसते. सॅकच्या पोटात, पिशवीच्या आत तीन वेढ्यांखाली पाहुण्याचा लोकरी सदरा कोरडा ठणठणीत असतो, आणि तो जेथे टेकलेला असतो ती पाठ साऱ्या वाटेवर सर्वांत ओली असते. जाड प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावली तर ड्राय बॅगेचे बरेचसे काम भागते, आणि किंमत अगदी किरकोळ. पाच पिशव्यांच्या संचाऐवजी एकच ड्राय बॅग घेतली तर उरलेल्या पैशांत अशी अस्तरे आणि दोन पॉन्चो सहज येतात. मग मोजदाद चौघांची न करता सहाजणांची करता येते.

त्या तरुणाचे स्वतःचे गाठोडे आम्ही त्या रात्री पाहिले. जाड लोकरी कोट त्याने तसाच भिजू दिला होता. भिजली तरी लोकर थोडीफार ऊब धरते हे त्यास कोणी शिकवावे लागले नव्हते. प्लॅस्टिकच्या पिशवीला पीळ देऊन, सुतळीने आवळून त्याने दोनच वस्तू कोरड्या राखल्या होत्या: काड्यापेटी आणि सहाही जणांना पुरेल एवढी कणीक.