हमीपत्रावरचं खोटं

रेशनच्या अर्जासोबत उत्पन्नाचं हमीपत्र द्यावं लागतं. अर्ज लिहून देणारा विचारतो, "उत्पन्न किती टाकू?" समोरची बाई हिशेब जुळवत असते, तोवर तोच सांगतो, "४४ हजारांच्या आत टाकतो ताई, नाहीतर नाव बसायचं नाही." बाई मान डोलावते आणि सही करते. आयुष्यभर कुणाचा रुपया न बुडवलेल्या बाईकडून घरच्या भातासाठी लेखी खोटं वदवून घेतलं जातं. ते खोटं मी तिच्या खात्यावर मांडायला तयार नाही.

अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो २०१४ च्या फेब्रुवारीत लागू झाला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य. तांदूळ ३ रुपये किलो होता, गहू २ रुपये. जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत आहेत. मात्र प्राधान्य कुटुंबात बसण्यासाठी राज्याने कायदा लागू करताना खेड्यात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार अशी उत्पन्नाची मर्यादा घातली. दहा वर्षं उलटली, महागाई कुठल्या कुठे गेली, तरी कागदावर तोच आकडा चालत राहिला.

४४ हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला १२० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. नवरा-बायको दोघांनी वर्षात पाऊणशे-पाऊणशे दिवस हमीवर काम केलं, तरी ते ही मर्यादा ओलांडतात. म्हणजे घाम गाळणारं कुठलंही घर खरं बोलून या यादीत बसणं अवघड.

तळेगावजवळच्या उर्स्यासारख्या गावात हे जास्त बोचतं. एकीकडे एक्स्प्रेस वेचा टोलनाका, दुसरीकडे केबलचा मोठा कारखाना आणि आसपास लहानमोठी वर्कशॉपं. ठेकेदाराकडे पाळीत उभा राहणारा मुलगा वर्षाला ४४ हजारांपेक्षा जास्तच कमावतो. पण त्यातच खोलीचं भाडं, सिलिंडर, मुलांची फी आणि तळेगावचा दवाखाना. वर काही महिने भरले की ठेकेदार ब्रेक देतो. त्या ब्रेकच्या महिन्यांत चूल कशावर पेटते, हे हमीपत्राच्या रकान्यात कुठे लिहायचं?

सरकारचीही अडचण आहे, ती मान्य करू. राज्याचा इष्टांक (ठरवून दिलेली कमाल संख्या) ७ कोटी १६ हजार लाभार्थ्यांचा, आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे "इष्टांक संपलाय" हे उत्तर मिळतं आणि कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय नवं नाव चढत नाही. म्हणूनच दारात चारचाकी, वर स्लॅबचं दुमजली घर आणि तरी यादीत नाव राखून बसलेला माणूस मला खरा दोषी वाटतो. त्याच्या पिशवीतले ५ किलो सरकारचे नाहीत, ते त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातले आहेत. "गरीब फुकट खातात" असं पारावर सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्यांतही कधी कधी तोच असतो.

रेशनच्या दुकानात मात्र पडताळणी होते ती एखाद्या आजीची. पन्नास पावसाळे भाताची लावणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. अंगठा यंत्रावर लागत नाही. ती पदराला पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा नकार येतो. मागची रांग कुरकुरते आणि आजी ओशाळून बाजूला सरते. आपण तेच आहोत हे तिला दर महिन्याला सिद्ध करावं लागतं. ४४ हजारांचा आकडा खरा आहे का, हे मात्र त्या आकड्याला कुणी विचारत नाही.

गावपातळीवरच्या दक्षता समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. पुढच्या ग्रामसभेत त्यांना लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचायला सांगा. ज्यांच्या घरी महिना सुखाने भरतो त्यांनी स्वतः तहसीलला अर्ज देऊन नाव कमी करून घ्यावं. आणि त्याच सभेत उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराला जोडावी असा ठराव करून तो पुरवठा विभागाकडे पाठवावा.