साहस आणि ऋण

हावड्याच्या पुलाखालून वाहणारी हुगळी श्रद्धाळूंच्या लेखी गंगाच असते. १९४३ साली खुला झालेला हा पूल नदी ओलांडण्यासाठी आहे. १९७७च्या पावसाळ्यात मात्र त्याच्याखालून तीन यांत्रिक नौका गेल्या, त्या उगमाच्या दिशेने. एडमंड हिलरी यांची ही मोहीम गंगासागराहून निघाली होती. प्रवाहाविरुद्ध हिमालयात शिरायचे आणि नौका जिथे थांबेल तिथून पायी एखाद्या हिमशिखराकडे जायचे, असा तिचा संकल्प होता.

पुराणकथेतील भगीरथाचा प्रवास जिथे संपला, तिथे या मोहिमेचा आरंभ झाला. ‘भगीरथ प्रयत्न’ म्हणताना मराठी माणसाला प्रयत्नाची थोरवी आठवते, हेतू बहुधा विसरला जातो. भगीरथ शिणला तो सगरपुत्रांच्या उद्धारासाठी. हिलरींच्या प्रवासात असे कोणाचेही कल्याण गुंतलेले नव्हते. मग ज्या कृतीने कोणाचे भले होत नाही, तिच्यासाठी प्राण पणाला लावण्याचा अधिकार माणसाला असतो काय?

धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत ‘साहस’ हा बळजोरीचा अपराध गणला गेला आहे. आजच्या मराठीत त्याचा गुण झाला. तरी ‘नसते साहस’ या शब्दप्रयोगात जुना संशय शिल्लक आहे. हा संशय भ्याडपणाचा नाही. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊन माणूस जन्मतो, असे मानणाऱ्या परंपरेत कोणाचेही आयुष्य सर्वस्वी त्याचे एकट्याचे नसते.

परंतु उपयुक्त कर्म निर्दोष आणि निरुपयोगी साहस सदोष, अशी सरळ विभागणी हिलरींच्याच आयुष्यात टिकत नाही. १९५३च्या एव्हरेस्ट विजयानंतर त्यांनी शेर्पांच्या मुलखात शाळा उभारल्या, रुग्णालये बांधली. ३१ मार्च १९७५ रोजी त्यांची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा काठमांडूजवळ विमान अपघातात मृत्युमुखी पडल्या. त्या निघाल्या होत्या फाफलूला. तिथे हिलरी रुग्णालय उभारत होते. ज्या घराने शिखरांचे भय पचवले होते, त्यावर घाला पडला तो परोपकाराच्या वाटेवर. अडीच वर्षांनी गंगेच्या मोहिमेत त्यांचा मुलगा पीटर सोबत होता.

या नौकांना खाली फिरणारा पंखा नसतो. नदीचेच पाणी आत ओढून ते जोराने मागे फेकायचे आणि त्या बळावर पुढे जायचे, ही त्यांची रीत. जिच्याविरुद्ध जायचे तिच्याकडूनच बळ उसने घ्यायचे! नंदप्रयागजवळ एका धबधब्याने हे उसने बळ संपवले. मोहीम तिथे पाण्याबाहेर आली. पुढे उंचावरच्या विरळ हवेत हिलरी गंभीर आजारी पडले. सोबत्यांनी त्यांना खाली उतरवले आणि हेलिकॉप्टरने त्यांना नेण्यात आले.

त्याच काळात माइक जोन्स या ब्रिटिश नाविकाने एव्हरेस्टच्या पायथ्याची दूधकोसी कयाकमधून उतरून दाखवली होती. १९७८ साली काराकोरममधील ब्राल्डू नदीत संकटात सापडलेल्या सोबत्याच्या मदतीला धावताना तो बुडाला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की मूळ प्रश्नाचे रूप पालटते. साहसी माणूस केवळ स्वतःचाच प्राण पणाला लावतो, हे खरे नाही. तो न विचारता सोबत्यांचाही प्राण तारण ठेवतो, कारण त्याच्या हाकेला ते धावणार, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा साहसाची नीती त्याच्या उपयुक्ततेवरून ठरत नाही. ती या अलिखित ऋणाच्या जाणिवेवरून ठरते. ज्याला ही जाणीव आहे, त्याला धबधब्यापाशी थांबताना पराभव वाटत नाही. ज्याला ती नाही, त्याने शिखर गाठले तरी त्याचे साहस धर्मशास्त्रातल्या जुन्या अर्थाचेच राहते.

तरीही एक शल्य उरते. हिलरी वाचले, जोन्स वाचला नाही. आणि ऋण दोन्हीकडे सारखेच होते. पहिले ऋण निदान कृतज्ञतेने फेडता येते. दुसरे कोणी, कोणाला फेडायचे?