पात्र कोण?



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या २० ते २२ या श्लोकांवर. इथे भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं दान सात्त्विक. बदल्यात काहीतरी मिळावं म्हणून किंवा जिवावर आल्यासारखं दिलेलं राजस. आणि भलत्या जागी, अवेळी, अपात्राला, मान न राखता, तुच्छतेने दिलेलं तामस.

हे श्लोक वाचताना मी नेहमी 'पात्र' या शब्दापाशी थांबायचे. आपण दिलेलं वाया जाऊ नये, एवढाच अर्थ मी काढला होता. तो अर्थ मावशींमुळे बदलला.

मावशी आमच्याकडे पोळ्या करतात, इथे पुण्यात. नवरा गेला तेव्हा मुलगी सातवीत होती, मुलगा पाच वर्षांचा. चार घरची कामं, प्रत्येकी दोन हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार. त्यातले साडेपाच हजार खोलीच्या भाड्यात जायचे. २०२३ मध्ये एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, "ताई, एक पत्र द्याल का? पगार हजारच लिहा. विधवांना सरकारचे पैसे मिळतात म्हणे."

मी म्हटलं, "मावशी, खोटं कसं लिहू?" त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र बरं वाटलं. सत्याला धरून राहिले ना!

रात्री नियम वाचले. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवांना महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. आमच्या एका घरचा पगार धरला तरी मावशी अपात्र! कामं सोडली तर पात्र, पण मग दीड हजारात साडेपाच हजारांची खोली कशी टिकणार? खरं बोललं तर मदत नाही, आणि मदत हवी तर खोटं बोला नाहीतर रस्त्यावर या. अशा कात्रीत सापडलेल्या बाईला मी सत्याचा धडा देत होते.

मग पत्र द्यायला हवं होतं का? नाही, आजही मी ते लिहिणार नाही. खोटं ते खोटंच. पण ते एकट्या मावशींचं खोटं नव्हतं, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढे २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्यामुळे आता मावशींना दीड हजार मिळतात. घराचा पेच मात्र सुटला नाही. खोलीमालक भाडेकरारच करत नव्हता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. पण मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "मग खोली सोडा." मुलाला आरटीईतून चांगल्या शाळेत घालायचं होतं. तिथे भाडेकरूंकडून नोंदणीकृत करार मागतात. करार नाही म्हणून अर्जच भरता आला नाही.

आता जे सांगायला जड जातंय ते. त्याच वर्षी आमची जुनी खोली रिकामी होती. मावशींनी विचारलं होतं, तेवढंच भाडं द्यायला तयार होत्या. घरात बोलणं झालं आणि मीच त्यांना सांगितलं, "मावशी, आम्हाला फॅमिलीला द्यायचीये."

आई आणि दोन मुलं. ही फॅमिली नाही तर काय?

नंतर श्लोक पुन्हा वाचले. पात्र बघायला भगवंत सांगतातच. पण तिन्ही श्लोकांत तोलला जातो तो देणारा: त्याची अपेक्षा, त्याची कुरकुर, त्याची तुच्छता. कुणी म्हणेल, सरकारी अनुदान म्हणजे दान नाही, तो हक्क आहे. मान्य. मग तर मान राखणं आणखीच आलं. मावशी पात्र आहेत का, हे मी इतकं तपासलं. द्यायला मी पात्र आहे का, हे कधी विचारलंच नाही.

गेल्या महिन्यात आमची खोली पुन्हा रिकामी झाली. या वेळी मीच मावशींना विचारलं. ११ महिन्यांचा करार केला, रीतसर नोंदवला. भाडं घेतोच, हे काही दान नाही. मुलाचं पहिलीचं वर्ष मात्र आता परत येणार नाही.

आजचा संकल्प छोटा आहे. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना एकदा विचारा, "भाडेकरार आहे का? काही कागद अडलाय का?" आणि घर भाड्याने देताना 'फॅमिलीच हवी' म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

राम कृष्ण हरी.