धाक आणि गणित

दहावीचं वर्ष लागलं की घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना परस्पर नकार कळवला जातो आणि मुलाच्या कानावर रोज एकच वाक्य पडतं: ‘हे वर्ष गेलं तर सगळं गेलं.’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण धाकाशिवाय मूल अभ्यास करत नाही, ही आपली पिढीजात समजूत मुलांचं फार नुकसान करते आहे.

१९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना दोन वाटांपैकी उजळ वाट निवडायला शिकवलं. काळी वाट धरली की विजेचा झटका. दोन्ही वाटांमधला फरक ठळक होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक पुसट केल्यावर मात्र जोराच्या झटक्याने त्यांचं शिकणं लांबलं. उंदरांवरून माणसाच्या मुलाबद्दल सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण गणिताच्या भीतीवर पुढे जे संशोधन झालं, त्याचा रोखही असाच आहे. अवघड उदाहरण सोडवताना हातचा लक्षात ठेवायचा, पुढची पायरी जुळवायची, यासाठी मनात जागा फार थोडी असते. ‘नापास झालो तर बाबा काय म्हणतील’ हा विचार तीच जागा अडवतो आणि येत असलेलं उदाहरण चुकतं.

घोकून पक्के झालेले पाढे भीतीतही आठवतात. इथेच शिक्षक फसतात. दरडावल्यावर पाढे आले, म्हणजे दरडावणं लागू पडलं, असा त्यांचा ग्रह होतो. तेच मूल भूमितीच्या सिद्धतेत अडलं की ते आळशी ठरतं आणि धाक आणखी वाढतो.

ताण मुळीच नको, असं मी म्हणत नाही. चढाईला निघालेल्या कबड्डीपटूला छातीतली धडधड बळ देते. नेमबाजाची रायफल मात्र त्याच ठोक्यांनी हलते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचा खेळ असा शांतपणाचा आहे. गणिताचा पेपर या खेळाच्या जवळचा आहे.

या धाकाचा सर्वाधिक मार बसतो तो ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीला बसतंय, तिथल्या मुलाला. साऱ्या घराची आशा त्याच्या एकट्याच्या खांद्यावर असते, आणि वर्गात त्याला सर्वांदेखत ‘ढ’ म्हटलं जातं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. ‘ढ’ म्हणणं हा छळच आहे, आणि मूल चौदा वर्षांचं होऊन कायद्याच्या कक्षेबाहेर गेलं म्हणून तो क्षम्य होत नाही.

घड्याळ लावून, अनोळखी वर्गात बसवून, गुण जाहीर न करता वारंवार सराव परीक्षा घ्या. परीक्षेची नवलाई गेली की भीतीही ओसरते. धडधड म्हणजे अपशकुन नव्हे, शरीराची तयारी आहे, हे मुलांना सांगा. पेपर देऊन आलेल्या मुलाला आधी जेवू घाला. उत्तरं ताडून पाहायला निकालापर्यंत वेळ आहे. आणि पालकसभेत टक्केवारीच्या याद्या मोठ्याने वाचण्याची प्रथा शाळांनी याच वर्षी बंद करावी. तो वेळ प्रत्येक मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतं, हे त्याच्या आईवडिलांना शेजारी बसवून दाखवण्यात घालवावा.