खिडकी नंबर दोन

‘स्वतःला ओळखा’ हा उपदेश फार जुना. ग्रीस देशात डेल्फीच्या देवळावर तो कोरलेला होता. आमच्या बँकेत तो परिपत्रकाने आला. परिपत्रकाने आलेली गोष्ट दोन तासांत फाईलला लागते आणि मग तिचा कुणाला त्रास होत नाही. पण या परिपत्रकामागोमाग दोन दिवसांचं शिबिरही आलं. विषय : ‘परिणामकारक नेतृत्व, संवाद आणि आत्मभान’. चहा दोनदा, जेवण एकदा, आत्मभान दिवसभर.

तज्ज्ञांनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याचे चार खण केले आणि म्हणाले, “ही जोहारी विंडो.”

शेजारचा कॅशियर माझ्या कानाशी लागला, “मारवाडी काय हो?”

त्याचंही बरोबर. पण हे जोहारी कुणी जयपूरचे जवाहिरे नव्हेत. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही आकृती मांडली. ‘जो’ आणि ‘हॅरी’ मिळून जोहारी. इतक्या काटकसरीचं बारसं कोकणातही झालं नसेल.

या खिडकीची चार तावदानं अशी. पहिल्यात माझ्याबद्दलचं जे मलाही ठाऊक आणि लोकांनाही ठाऊक. दुसऱ्यात जे लोकांना ठाऊक, पण मला नाही. तिसऱ्यात जे मला ठाऊक, पण मी लोकांपासून लपवतो. चौथ्यात जे कुणालाच ठाऊक नाही. आता, ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ या एका म्हणीत आमच्या आज्यांनी तिसरी आणि दुसरी खिडकी केव्हाच बसवून ठेवली होती. पण आज्यांनी त्याचं शिबिर भरवलं नाही, म्हणून ते शास्त्र झालं नाही.

चारांपैकी गंमत आहे ती दुसऱ्या खिडकीत. रत्नागिरीत या खिडकीपुढे कायम रांग असते. तुम्ही घोरता की नाही, तुमच्या बायकोपुढे तुमचं काही चालतं की नाही, तुमच्या हापुसात किती पायरी मिसळलेली असते, हे सारं आळीला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त तुम्हाला. तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण सांगितलं तर मजा गेली.

साध्या माणसाचं त्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते साहेबाचं. माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याला खरं सांगणारे कमी होतात आणि दुसरी खिडकी रुंदावत जाते. ज्याच्या हातात लोकांच्या रजा, बदल्या आणि गोपनीय अहवाल, त्याला ‘साहेब, तुम्ही फार बोलता’ असं कोण सांगणार? माझ्या नोकरीत मी अनेक साहेब पाहिले. एक म्हणत, “माझं दार सर्वांना उघडं आहे.” दार खरोखरच उघडं असे, कारण त्याची खालची बिजागरी निखळली होती. पण आत जायची छाती कुणाची नव्हती. दुसरे दर सोमवारी सांगत, “मी कधीच चिडत नाही.” आम्ही माना डोलवत असू आणि त्यांच्या टेबलावरच्या काचेला गेलेला तडा पाहत असू. शब्द एक सांगत आणि काच दुसरं सांगे. ऐकणारी माणसं नेहमी काचेवरच विश्वास ठेवतात.

मला वाटतं, संवादाची सगळी मेख इथंच आहे. आवाज कसा लावावा, हात कुठं ठेवावेत, दर तीन वाक्यांनी श्रोत्यांकडे कसं पाहावं, हे दोन दिवसांत शिकवता येतं. पण बोलणारा कोण आहे हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर त्या हातांचं काय करायचं?

बँकेत आम्ही खातेदाराची नमुना सही ठेवतो. पेन्शनर मंडळींची सही तीस-तीस वर्षांपूर्वीची असते. आता हात थरथरतो, सही जुळत नाही. “काका, पुन्हा करा,” म्हटलं की काका उसळतात, “अहो, मी समोर उभा आहे ना! मी तोच आहे. तुमचं पेन बदललंय!” काकांचं फार बिघडत नाही, नवा नमुना घेऊन त्यांचं काम होतं. पण पुढाऱ्यांच्या मनातली स्वतःची नमुना सहीही अशीच जुनी असते : मी कनवाळू, मी स्पष्टवक्ता, मी साधा माणूस. रोजची सही त्या नमुन्याशी जुळते का, हे ताडून पाहणारा क्लार्क त्यांच्या पदरी नसतो. समर्थांच्या दासबोधात ‘मूर्खलक्षण’ असा एक अख्खा समास आहे. तो वाचताना प्रत्येकाला कुणीतरी ओळखीचं आठवतं. स्वतःची आठवण झालेला वाचक मला तरी अजून भेटलेला नाही.

असा एक माणूस मात्र आमच्याच जिल्ह्यात जन्मला. गुहागर तालुक्यातलं कोतळूक हे गाव, साल १८६६. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या आधी दहा वर्षं, १८५६ साली, खुद्द रत्नागिरी शहरात टिळक जन्मले, त्यामुळे आमच्या नाक्यावरच्या सभेत गोखल्यांना बोलायची संधी जरा कमीच मिळते.

१८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेले. वय जेमतेम एकतीस. इकडे पुण्यात प्लेग, घराघरांत शिरून गोऱ्या सोजिरांच्या तपासण्या, लोक संतापलेले. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, की सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केले. गोखल्यांनी ते तिथं जाहीरपणे सांगितलं आणि ‘मँचेस्टर गार्डियन’नं ते छापलं. सरकारनं पुरावा मागितला. गोखले परत आले, त्यांनी शोधाशोध केली, पण पुरावा देऊन उभं राहायला कुणी तयार होईना. लोकांचा संताप खोटा नव्हता, पण या आरोपाचा पुरावा हातात नव्हता. गोखल्यांनी गव्हर्नरची आणि प्लेगच्या कामावरच्या सैनिकांची बिनशर्त माफी मागितली आणि ती वर्तमानपत्रांत छापून आली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी सांगितली नाहीत.

वेळ कोणती, तर टिळकांना नुकतीच राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झालेली. एक जण तुरुंगात आणि दुसरा माफी मागतो! लोकांनी गोखल्यांना भित्रा म्हटलं. त्याच वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांचं तोंड बघायला लोक राजी नव्हते.

हा भित्रेपणा होता का? आमच्या बँकेत ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ अशी एक पाटी सुतळीला बांधून तयार असते. लिंक गेली की टांगायची, आली की काढायची. त्या माफीत माणूसच नसतो, म्हणून ती मागायला सोपी आणि वाचणाऱ्याला निरुपयोगी. गोखल्यांच्या माफीत माणूस होता. ‘जे मी सिद्ध करू शकत नाही, ते मी खरं म्हणून बोललो,’ हे स्वतःला सांगणं आधी आणि जगाला सांगणं नंतर. पहिलं झालं नसतं तर दुसरं झालंच नसतं. पुढं मोठ्या कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं गाजली, कारण आकड्याला आकडा लागलेला असे. आणि आकड्यांत आपण कुठं अडतो हे ठाऊक असल्यामुळे ते शाळाखात्यात नोकरी केलेल्या गणेश व्यंकटेश जोशींना पत्रांमागून पत्रं घालून विचारत. १९१५ साली आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनाही त्यांनी काय सांगितलं? वर्षभर देश पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. नेतृत्वाच्या संवादाचा हा पहिला धडा, आणि त्यात बोलणंच नाही!

आता यावर आमच्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा, की स्वतःला इतकं ओळखणारा माणूस पुढारी होतच नाही, तो क्लार्कच राहतो. आक्षेप बोचणारा आहे. आम्हा क्लार्क मंडळींत बढती नाकारायची जुनी रीत आहे. बढती घेतली की बदली आली. बदली आली की म्हातारी आई, मुलांची शाळा आणि परसातली चार कलमं मागं राहिली. पण अर्जावर कलमांचा उल्लेख नसतो. तोंडानं आम्ही म्हणतो, “मला माझ्या मर्यादा ठाऊक आहेत.” किती भारदस्त वाक्य! ऐकणाऱ्याला वाटावं, डेल्फीहून आत्ताच परतलेत.

इथं गोखले आणि आम्ही वेगळे पडतो. त्यांनाही मर्यादा ठाऊक होत्या, पण त्या सांगून ते घरी बसले नाहीत. आकडा कमी पडला तर पत्र घातलं, शब्द जास्त गेला तर परत घेतला, आणि पुन्हा उभं राहून बोलले. ज्यांनी तोंड बघायचं नाकारलं होतं, त्याच काँग्रेसनं आठ वर्षांनी, १९०५ साली, बनारसला त्यांना अध्यक्ष केलं.

मर्यादा ओळखणं म्हणजे आपल्या जमिनीचा सातबारा काढणं. उतारा हातात आला की आपली जमीन किती ते कळतं. पण नुसता उतारा घडी घालून कपाटात ठेवला तर जमिनीत काजूचं एक रोपही उगवत नाही. त्यासाठी पावसाच्या आधी, लोक बघत असताना, बांधावरून खाली उतरावं लागतं.