घेणाऱ्याचे नावे, देणाऱ्याचे जमा

मराठी भाषेने ‘फुकट’ या शब्दाचे फार हाल केले आहेत. फुकटचा सल्ला कोणी ऐकत नाही, फुकट फौजदाराला कोणी सलाम करत नाही, आणि एखाद्याचे कष्ट वाया गेले तर ते ‘फुकट गेले’ असंच आपण म्हणतो. इतका अपमान करून झाल्यावर तोच माणूस मंडईत जातो, पाव किलो भेंडी घेतो आणि पिशवी पुढे करून विचारतो, “आणि कढीपत्ता?” कढीपत्ता पैसे देऊन घ्यायचा असतो हे आपल्या मनाला अजून पटलेलं नाही. आपण होऊन त्याची किंमत विचारणारा माणूस भाजीवालीलाही जरा संशयास्पदच वाटतो.

तर प्रश्न असा, की हा कढीपत्ता खरोखर फुकट असतो का? आणि नसेल, तर त्याचे पैसे कोण देतं? प्रश्न दिसायला भाजीचा असला तरी आहे नीतिशास्त्राचा, आणि यंदा तो आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाच्या सभेत येऊन उभा राहिला.

आजवर मंडळाचं सगळं काम चिटणीसांच्या एका दोनशे पानी वहीवर चालत आलं आहे. पहिल्या पानावर ‘श्री’, दुसऱ्या पानापासून मांडव, मूर्ती, पोलिसांचा परवाना, महापालिकेचा परवाना, लाऊडस्पीकर, वर्गणी, महाप्रसाद, विसर्जनाची गाडी, आणि प्रत्येकापुढे काम कोणाकडे त्याचं नाव. वही उत्तम आहे. तिच्यात दोष एकच. ती एका वेळी एकाच घरात असते, आणि नेमकं त्या दिवशी ते घर गावाला गेलेलं असतं.

तरुण मंडळींनी सुचवलं, की आता हे सगळं इंटरनेटवर करू. ट्रेलो आहे, असाना आहे, क्लिकअप आहे, चेन्नईच्या झोहोचं आहे. सगळ्यांची तऱ्हा थोडीफार सारखी. पडद्यावर तीन रकाने : करायचंय, चाललंय, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम सरकलं की कार्ड पुढच्या रकान्यात. ही युक्ती मूळची जपानी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो या इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धानंतर ती बसवली. जितका माल लागला तितकाच मागच्या विभागाकडून मागवायचा, आणि मागणी कार्डावर करायची. या पद्धतीचं नाव ‘कानबान’. जपानीत त्याचा अर्थ पाटी. पाट्या टाकण्याची कला आपल्याकडे कोणत्याही जपानी माणसाच्या मदतीवाचून विकसित झाली, हा अभिमानाचा भाग वेगळा.

“पैसे पडतील का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही, फुकट आहे.”

सूचक, अनुमोदक, टाळ्या. लाऊडस्पीकरवर दीड तास वाद घालणाऱ्या सभेने हा ठराव दीड मिनिटात संमत केला.

माझी कॉमर्सची पदवी अशा वेळी आतून ढोसायला लागते. 1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने गणिताचा एक ग्रंथ छापला आणि तिथले व्यापारी हिशेब कसे ठेवतात ते त्यात लिहून काढलं. तीच आपली द्विनोंदी पद्धत. तिचा जो नियम आम्ही कॉलेजात घोकून पाठ केला आणि बँकेत रोज पाळतो, तो असा : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. एकच बाजू असलेला व्यवहार या पद्धतीत बसतच नाही. म्हणजे पाचोलीच्या जगात ‘फुकट’ असा काही प्रकार नाही. आपण घेतलं, म्हणजे कोणाच्या तरी खात्यावर ते जमा झालं पाहिजे. आपल्याला ती दुसरी नोंद दिसत नाही, तिला आपण फुकट म्हणतो. साधूने हिशेब लिहावेत आणि हिशेबनिसाने नीतीच्या गोष्टी सांगाव्यात, हे त्या ग्रंथापासूनच चालत आलेलं दिसतं.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दारूच्या गुत्त्यांवर ‘जेवण फुकट’ अशी पाटी असायची. जेवण खरोखरच फुकट असे. फक्त आधी पेला विकत घ्यावा लागे, आणि जेवणातले पदार्थ बेताने खारट असत. पुढचं काम तहान करी. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने 1975 साली एका पुस्तकाला ‘फुकटचं जेवण असं काही नसतं’ या अर्थाचं नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. नोबेलची कारणं वेगळी होती, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग आपल्या या कार्डांच्या जेवणात मीठ कुठे आहे? काही मीठ उघड आहे आणि प्रामाणिकही. थोडी माणसं असेपर्यंत फुकट, जास्त झाली की पैसे. ट्रेलोने 2024 साली फुकटच्या गटाला दहा माणसांची मर्यादा घातली. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुकान त्यांचं, कढीपत्ता त्यांचा. पैसे भरणारी थोडी गिऱ्हाइकं न भरणाऱ्या पुष्कळांचा भार उचलतात, हीच या धंद्याची रीत आहे. भेंडी विकत घेणाऱ्यांच्या जिवावर कढीपत्ता चालतो, तसंच.

काही मीठ मात्र विरघळलेलं असतं. हेच ट्रेलो 2011 साली निघालं आणि 2017 साली अ‍ॅटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते साडेबेचाळीस कोटी डॉलरला विकत घेतलं. तेव्हा त्याचे वापरणारे होते सुमारे 1 कोटी 90 लाख. मी सवयीने भागाकार केला. डोई बावीस डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण दीड हजार रुपये. भागाकार ढोबळ आहे, कारण कंपनी विकत घेतात तेव्हा नुसती डोकी मोजत नाहीत. पण आपण फुकट जेवतो आहोत अशा समजुतीत जे पाटावर बसले होते, त्यांची गणती त्या सौद्यात होती एवढं नक्की. माझ्यासारख्या माणसाला कोणीतरी दीड हजाराला घेतं, हे ऐकून घरी आनंद झाला असता. म्हणून सांगितलं नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे वाढलेलं ताट मध्येच उचललं जाणं. बर्लिनच्या एका चमूने वंडरलिस्ट नावाची कामांची यादी काढली. लोकांना ती फार आवडली. 2015 साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि 6 मे 2020 रोजी बंद केली. आपल्या याद्या दुसरीकडे नेण्याची सोय दिली होती, हे न्यायाने सांगायला हवं. म्हणून फुकटचं साधन निवडताना ‘यात काय काय आहे’ याआधी ‘यातून आपलं सामान बाहेर कसं काढायचं’ हे बघावं. घर भाड्याने घेताना आपण दाराची रुंदी बघतो, कारण कपाट एक दिवस बाहेर न्यायचं असतं.

यावर एक वेगळी वाटही आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी 1983 पासून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवली. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांचा बराच जन्म त्यातला फरक समजावण्यात गेला. मराठीत जन्मले असते तर एवढे श्रम वाचले असते. 2006 साली निघालेलं रेडमाइन हे अशा मुक्त साधनांपैकी एक. ते आपल्या स्वतःच्या यंत्रावर बसवायचं, हवं तसं बदलायचं, कोणी ते आपल्या हातून काढून घेऊ शकत नाही. मात्र ते यंत्र सांभाळायला, त्यातल्या मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवायला माणूस लागतो. मुक्त माणसाला स्वयंपाक स्वतःच करावा लागतो.

इथपर्यंतचा हिशेब शहाणपणाचा झाला. नीतीचा प्रश्न यापुढे आहे, आणि तो असा : समजा किंमत द्यायचीच आहे, तर ती कोणाच्या खिशातून द्यायची हे ठरवण्याचा अधिकार सभेला कोणी दिला?

आमच्याकडे कार्यकर्ते सत्तावीस. दहांची मर्यादा असलेलं साधन घ्यायचं तर सतरा जण बाहेर. कोण? एकाने सुचवलं, मांडवाचे बांबू उचलणाऱ्यांना कार्डाची काय गरज, त्यांना फोन करू. म्हणजे जे काम करतात ते यादीबाहेर आणि जे कार्ड सरकवतात ते यादीत. दूरदेशी कोणीतरी आपल्या सोयीसाठी ठरवलेला आकडा आमच्या मंडळात कार्यकर्ता कोण हे ठरवू लागला.

दुसरा मुद्दा वर्गणीदारांचा. दीडशे घरांची नावं, खोली क्रमांक, फोन, कोणी किती दिले आणि कोणी ‘नंतर या’ म्हटलं, हे सगळं त्यात चढवायचं ठरत होतं. लोकांनी वर्गणी गणपतीला दिली होती. फोन नंबर पावतीपुस्तकाला दिला होता. तो सातासमुद्रापलीकडच्या यंत्रात ठेवायला त्यांनी हो म्हटलं नव्हतं, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली सांगितलं. पण शेजाऱ्याची गोष्ट तिसऱ्याला सांगण्याआधी शेजाऱ्याला विचारावं, हे कळायला एकही न्यायमूर्ती लागू नये.

तिसरी गोष्ट सभेत कोणी बोललंच नाही, कारण ती कोणाला दिसत नव्हती. ही कार्डं आपोआप सरकत नाहीत. मांडववाला येऊन गेला, परवान्याला एक कागद कमी पडला, आचाऱ्याने भाव वाढवला, हे सगळं कोणीतरी बसून त्यात लिहावं लागतं. पंधरा दिवस चाचणी चालली होती, तेव्हा ते चिटणीसांची सून लिहीत होती. दिवसभर नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री अकरानंतर गणपतीची कार्डं. चिटणीस सभेत कौतुकाने म्हणाले, “काही खर्च नाही हो, घरच्या घरी होतं.”

घरच्या घरी होतं! आपल्याकडे जमेच्या नोंदी चुकवण्याचा सगळ्यात जुना मंत्र हाच आहे. तसं पाहिलं तर सगळं मंडळच फुकटावर चालतं. कोणी रजा टाकून मूर्ती आणतो, कोणी रात्रभर मांडवात जागतो. त्याला आपण फुकट म्हणत नाही, श्रमदान म्हणतो, कारण देणाऱ्याने ते आपण होऊन दिलेलं असतं आणि चार लोकांना ते ठाऊक असतं. माझ्या मते फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे. देणाऱ्याने दिलं तर दान. त्याला न विचारता आपण घेतलं आणि वर ‘काही खर्च नाही’ म्हटलं, तर त्याला आमच्या खात्यात वेगळा शब्द आहे, तो सणासुदीला उच्चारत नाहीत.

हे मी सभेत इतकं सविस्तर बोललो नाही. बँकेतला माणूस हिशेबावर बोलायला लागला की लोक चहाकडे बघतात. मी तीन सूचना मांडल्या. सत्तावीसच्या सत्तावीस जण ज्यात मावतात असंच साधन घ्यावं, लागलं तर माणशी थोडे पैसे काढून. वर्गणीदारांची यादी पावतीपुस्तकातच राहावी. आणि कार्डं लिहिणाऱ्याचे तास मंडळाच्या वार्षिक अहवालात नावानिशी छापावेत. पहिली सूचना खर्चाच्या मुद्द्यावर पुढच्या सभेकडे गेली, दुसरी एकमताने मंजूर झाली. तिसऱ्या सूचनेवर चिटणीस म्हणाले, आधी सूनबाईंना विचारू.

ही सुधारणाच म्हणायची. तिला बोलावलं. मी माझी योजना समजावून सांगितली : तास मोजायचे, अहवालात जमा दाखवायचे, वाटल्यास खाली आभाराचा ठराव. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, अहवालात नाव नको,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त सोमवार, बुधवार आणि शुक्रवार घ्या.”