कळावे, लोभ असावा

अभिप्राय ही मोठी विचित्र वस्तू आहे. मागायला जावे तर मिळत नाही आणि नको असते तेव्हा दारात येऊन पडते. तुम्ही घर बांधायला काढा आणि चार जाणत्यांना नकाशा दाखवा. 'छान आहे, छान आहे' यापलीकडे कोणी तोंड उघडणार नाही. तेच लोक वास्तुशांतीला येतील, तिसरी जिलबी मोडता मोडता वर बघतील आणि म्हणतील, "जिना उजवीकडे हवा होता." आता जिना म्हणजे काय सतरंजी आहे, उचलली आणि उजवीकडे अंथरली? बारशाला आलेल्या बायकांचेही तेच. "गोड आहे हो बाळ! नाक मात्र बाबांचं घेतलंय." या वाक्यातल्या 'मात्र'ला आईबापांनी काय उत्तर द्यावे? नाक परत कुठे करायचे?

तरीही या अभिप्रायांत एक सोय असते. ते समोरासमोर दिलेले असतात. "आमटीत मीठ जास्त पडलंय" असे म्हणणाऱ्या नवऱ्याला पळी कोणाच्या हातात आहे हे दिसत असते. त्याचा अभिप्राय फार तर चार फूट प्रवास करतो आणि उत्तर तेवढ्याच अंतरावरून, जरा अधिक वेगाने येते. त्यामुळे बहुतेक संसारी माणसे आमटीबद्दल बोलताना शब्द तोलून वापरतात. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मी त्याला नीतिशास्त्र म्हणतो.

पण अभिप्राय चार फुटांऐवजी चारशे मैलांवरून आला, देणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, तर त्याने पुढे जे घडते त्याची जबाबदारी कोणाची? देणाऱ्याची, की घेणाऱ्याची? तुम्ही म्हणाल, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचा. तुम्हाला कुठून पडला? तर तो आमच्या पुतण्याने पाडला.

हा पुतण्या पॉडकास्ट करतो. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पॉडकास्ट म्हणजे एक प्रकारची आकाशवाणीच. फक्त तिथे केंद्र नाही, सरकार नाही आणि बाजारभावही नाहीत. एक मायक्रोफोन, एक कॉम्प्युटर आणि न थांबता बोलण्याची शक्ती एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो. धंदा म्हणजे पैसे जातात, या अर्थाने. आमचा पुतण्या आणि त्याच्या कॉलेजातली एक मुलगी, असे दोघे दर रविवारी व्यंगचित्रे आणि चित्रकथा कशा काढाव्यात यावर तासभर बोलतात. ध्वनिमुद्रण आमच्या माडीवरच्या गाद्या ठेवायच्या खोलीत होते. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. आमच्या घरात एवढ्या गाद्या पाहुण्यांसाठी होत्या; त्या कलेच्याही उपयोगी पडतील असे आमच्या आईला कधी वाटले नसेल.

चित्रांबद्दल नुसते बोलायचे म्हणजे फोनवरून श्रीखंड वाढण्यापैकीच प्रकार. शि. द. फडणिसांचे १९५२च्या 'मोहिनी' दिवाळी अंकावरचे ते प्रसिद्ध चित्र घ्या. तरुणाच्या शर्टावर मांजरे, तरुणीच्या साडीवर उंदीर. एक शब्द नाही. पाहणाऱ्याला हसायला दोन सेकंद लागतात. पुतण्याने ते कानाने ऐकणाऱ्यांना समजावून सांगायला अकरा मिनिटे घेतली. मी घड्याळ लावून बसलो होतो. पण गंमत अशी की आठव्या मिनिटाला ती मुलगी खळखळून हसली आणि त्या हसण्यानेच चित्र दिसल्यासारखे झाले.

कार्यक्रम संपला की श्रोत्यांचे अभिप्राय येऊ लागतात. पूर्वी रेडिओला पोस्टकार्डे जात. त्यात झुमरीतलैया नावाच्या गावाने तर इतकी पोस्टकार्डे धाडली, की ते गाव खरोखर आहे की निवेदकाने बनवलेले, अशी शंका लोक घेत. (आहे, झारखंडात आहे.) आता पोस्टकार्ड लागत नाही. कार्यक्रम चालू असतानाच श्रोता बोटाने अभिप्राय टिपून मोकळा होतो. कोणी विचारतो, कुठला टाक वापरावा. कोणी सन दुरुस्त करतो. एकाने लिहिले, "मागे कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या. डाळ उतरवली का?" हा श्रोता मला फार आवडला.

आणि मग एका रविवारी तो अभिप्राय आला : "ती मुलगी फार हसते. तिला काढा." खाली चौदा जणांनी अंगठे लावले होते. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा लावी. आता चांगले लिहितावाचता येणारे लावतात.

पुतण्या मोबाइल घेऊन खाली आला. "काका, काय करू? श्रोत्यांचं ऐकायचं की नाही?"

मी म्हटले, "बस. तुला एका पोरीची गोष्ट सांगतो."

ही पोर अमेरिकेतली. तिचे नाव शार्लट ब्राउन. चार्ल्स शुल्झ या व्यंगचित्रकाराने १९५० साली 'पीनट्स' ही चित्रमालिका सुरू केली. चार्ली ब्राउन आणि त्याचा स्नूपी कुत्रा आपल्याकडेही मुलांच्या शर्टांवरून आणि डब्यांवरून फिरलेले आहेत. १९५४च्या ३० नोव्हेंबरला शुल्झने या मालिकेत शार्लट नावाची नवी मुलगी आणली. तिचा दोष एकच : ती फार मोठ्याने बोले. एका वाचक बाईंना ती अजिबात आवडली नाही. त्यांनी शुल्झला पत्र लिहून तसे कळवले. आणि शुल्झने ऐकले! १९५५च्या ५ जानेवारीला त्याने उत्तर धाडले, की तुमची सूचना मान्य आहे, तयार असलेल्या काही चित्रांतून ती दिसेल, मग दिसणार नाही. पुढे त्याने अशा अर्थाचे विचारले, की एका निष्पाप मुलीच्या मरणाचा भार आता तुमच्या आणि तुमच्या मैत्रिणींच्या मनावर राहील. तो घ्यायची तयारी आहे ना? खाली शार्लटचे चित्र काढले होते. तिच्या डोक्यात कुऱ्हाड! १ फेब्रुवारीनंतर शार्लट पुन्हा दिसली नाही. उणीपुरी दोन महिन्यांची कारकीर्द, सगळी मिळून दहा चित्रे.

"म्हणजे शुल्झनं विनोद केला," पुतण्या म्हणाला.

केलाच. पण विनोदातला प्रश्न खोटा नव्हता. त्या बाईंनाही तो खोटा वाटला नसावा. त्यांनी ते पत्र फेकले नाही. पंचेचाळीस वर्षे जपले आणि २००० साली ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेले. आपल्याकडे लोक विजेची बिले एवढी वर्षे जपतात, पण ती भरल्याचा पुरावा म्हणून. हा पुरावा कशाचा?

पुतण्या तरुण आहे, त्याला उपाय लगेच सुचतात. तो म्हणाला, "प्रश्न काय आहे काका, अभिप्राय फुकट झालाय. पत्राला निदान तिकीट लागायचं. पदराला खार लागला, की माणूस विचार करून बोलतो."

हे मलाही पटले असते. पण १९८८ची गोष्ट आडवी येते. बॅटमनच्या चित्रकथेत त्याचा साथीदार असतो रॉबिन. त्या वेळचा रॉबिन होता जेसन टॉड नावाचा पोरगा, आणि तो बऱ्याच वाचकांना आवडत नव्हता. प्रकाशकांनी अंक अशा जागी थांबवला, की पोरगा स्फोटात सापडलेला आहे. मग दोन फोन नंबर छापले : एक त्याला जगवायचा, दुसरा मारायचा. छत्तीस तासांची मुदत आणि दर फोनला पन्नास सेंट. दहा हजारांवर फोन आले. जगवा म्हणणारे ५,२७१, मारा म्हणणारे ५,३४३. बहात्तर मतांनी पोरगा मेला. म्हणजे पाच हजारांवर फोन पदरचे पैसे मोडून त्याच्या मरणासाठी झाले. माणसे विचार करण्यासाठी पैसे खर्चत नाहीत, हौसेसाठी खर्चतात.

"मग नाव लिहिण्याची सक्ती," पुतण्या म्हणाला.

शार्लटच्या बाईंनी नाव लिहिले होते, पत्ताही दिला होता. म्हणून तर उत्तर पोहोचले.

आणि खरे सांगायचे तर कुऱ्हाड बाईंनी मारली नाही, ती शुल्झने काढली. लेखणी त्याच्या हातात होती. त्याला शार्लट मनापासून हवी असती, तर एका पत्राने तो तिला सोडता ना. तिचा मोठा आवाज पुढे लूसी नावाच्या त्याच्याच दुसऱ्या मुलीच्या गळ्यातून वर्षानुवर्षे निघाला आणि तो त्याने कोणाच्या सांगण्यावरून बंद केला नाही. वाचकांचा मान राखण्याच्या नावाखाली आपल्याला जे करायचेच असते ते करून घेण्याची युक्ती फार जुनी आहे. 'लोकाग्रहास्तव' हा शब्द नाटकाच्या जाहिरातीत वाचून आपण हसतो. पण घरोघरी कितीतरी गोष्टी लोकाग्रहास्तव होतात आणि तो आग्रह करणारे लोक शोधू गेल्यास सापडत नाहीत.

तेव्हा मी पुतण्याला त्याच शुल्झच्या दुसऱ्या पत्राची गोष्ट सांगितली.

१९६८च्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. अकरा दिवसांनी लॉस एंजलिसच्या एका शिक्षिकेने शुल्झला लिहिले, की तुमच्या या मुलांच्या टोळीत एखादे काळे मूलही असावे. शुल्झने उत्तर दिले, की इच्छा आहे, पण भीतीही वाटते. काळ्या लोकांवर आपण उपकार करतो आहोत असा त्याचा सूर लागला तर? दुसरी कोणी असती तर इथे एक तर गप्प बसली असती, नाहीतर रागावून दुसरे पत्र धाडले असते. या बाईंनी तिसरेच केले. तुमचे पत्र माझ्या काळ्या मित्रमैत्रिणींना दाखवू का, असे विचारले. त्यांनी ते वाचले, मुलाबाळांचे आईबाप म्हणून आपले म्हणणे स्वतः शुल्झला लिहिले आणि ३१ जुलैला समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा हरवलेला चेंडू परत करायला फ्रँकलिन नावाचा मुलगा आला. पुढे या मुलाला गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत दाखवू नका, अशीही पत्रे शुल्झकडे आली. वितरण कंपनीचा प्रमुखही जरा का-कू करू लागला, तेव्हा शुल्झने त्याला बजावले, की छापायचे तर जसे काढले आहे तसेच छापा, नाहीतर मी काम सोडतो.

म्हणजे एकाच माणसाने एका पत्रावर मुलगी घालवली, दुसऱ्या पत्रावर मुलगा आणला आणि तिसऱ्या प्रकारच्या पत्रांना दाद दिली नाही. तेव्हा 'ऐकावे की न ऐकावे' हा प्रश्नच नाही. कोणाचे ऐकावे हाही नाही. मला फरक दिसतो तो एवढाच : ज्याच्याविषयी अभिप्राय द्यायचा, त्याला त्या शिक्षिका बाईंनी आधी विचारले. शार्लटला कोणी विचारले नाही. तिला विचारायची सोय नव्हती, ती शाईची होती. पण माडीवरची मुलगी?

"तिला विचारलंस का?" मी म्हटले.

"तिला कळवलंच नाही. उगीच वाईट वाटेल."

आता जगात असा कोणी आहे का, ज्याला स्वतःविषयीचा अभिप्राय सर्वांच्या आधी सापडत नाही? तिने तो केव्हाच वाचला होता. हे आम्हाला सांगितले आमच्या हिने. ही व्यंगचित्रे काढत नाही, टाक म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. पण भाजी निवडताना ती तो कार्यक्रम न चुकता ऐकते. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "गेले दोन रविवार ती हसली नाही. माझ्या लक्षात आलंय. बरी आहे ना रे ती?"

आम्ही दोघेही गप्प झालो. काढायची की ठेवायची यावर वर मोठी चर्चा चालली होती आणि निम्मी मुलगी आधीच निघून गेली होती. कुऱ्हाड दिसली नाही, कोणी मत मोजले नाही, एक हसणे तेवढे बंद झाले. चौदा अंगठ्यांना याचा पत्ता नाही आणि कधी लागणारही नाही. त्यांना ती निघून जावी असे खरेच वाटत होते का, हीही शंकाच आहे. चालता चालता झाडाचे पान तोडावे तसे ते असावे.

आणि बाकीचे तीनशे-साडेतीनशे? त्यांना ते हसणे आवडत होते की नाही? कोण जाणे! आवडणारी माणसे लिहीत नाहीत. आर. के. लक्ष्मण यांचा तो चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस १९५१पासून वर्षानुवर्षे रोज सगळे बघत आला आणि कधी चकार शब्द बोलला नाही. आपण त्याच्या मौनाचे फार कौतुक केले. पण कधी कधी वाटते, एखाद्या दिवशी त्याने लक्ष्मणांनाच 'आजचं छान जमलंय हं' म्हणायला काय हरकत होती? वाईट बोलायला सवड असलेल्या जगात चांगले वाटूनही गप्प बसणारे अगदीच निर्दोष नसतात.

हिने मात्र त्याच संध्याकाळी पुतण्याकडून तो अभिप्राय लिहायचा चौकोन उघडून घेतला आणि एका बोटाने, दहा मिनिटे खपून लिहिले : "मुली, तुझी तब्येत बरी आहे ना? हसली नाहीस म्हणून विचारले. डाळ उतरवली होती. कळावे, लोभ असावा."

पुतण्या म्हणाला, "काकू, इथे शेवटी असं लिहीत नाहीत."

"का?" हिने विचारले.

त्याला उत्तर देता आले नाही. मलाही नाही. आपल्या वाडवडिलांनी पत्राच्या शेवटी हे दोन शब्दसमूह का जोडले असतील याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. नुसते 'कळावे' लिहूनही चालले असते. जे कळवायचे ते कळवून झालेलेच असे. वसुलीच्या पत्रातही, भांडणाच्या पत्रातही, स्थळ नाकारल्याच्या पत्रातही ते पुढे 'लोभ असावा' लिहीत आणि मगच सही करीत. सही करण्यापूर्वी तेवढे लिहिताना हात अडखळला, तर बहुधा ते वरचा मजकूर पुन्हा वाचून बघत असावेत.